पाठीवरचा हात

वाचकहो, आपल्या वयाची चार माणसे एकत्र बसली आणि विषय मुलांच्या वळणावर आला, की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘‘आम्ही काय कमी मार खाल्ला? आमचे कुठे काय बिघडले?’’ भोरच्या बाजारात, नसरापूरच्या एसटी थांब्यावर, वेल्ह्याच्या रुग्णालयात रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी लागलेल्या रांगेत मी हे वाक्य अनेकदा ऐकले आहे. ते उच्चारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. कष्टातून तरून गेल्याचा थोडा अभिमानच असतो. तरीही या वाक्याची आज नीट उलटतपासणी करावी, अशी आपणांस विनंती आहे. कारण त्याच्या आडोशाला कित्येकदा आपल्याच घरातील चौदा-पंधरा वर्षांचे एखादे लेकरू गुपचूप कोमेजत असते.

मी डॉक्टर नाही. जन्म भोरचा, शिक्षणाचा मोठा भाग नीरेच्या काठी झाला आणि पुढे तीस-बत्तीस वर्षे भोर आणि वेल्हे (आता ज्याला राजगड तालुका म्हणतात) येथील माध्यमिक शाळांत मराठी शिकवले. निवृत्तीलाही आता सोळा वर्षे होतील. माझ्यापाशी औषधांचे ज्ञान नाही. आठवी ते दहावीच्या बाकांवरील मुलामुलींचे चेहरे मात्र पुष्कळ साठलेले आहेत. त्या चेहऱ्यांच्या आधाराने आणि जाणत्या वैद्यकांनी लिहून ठेवलेल्या गोष्टींच्या साहाय्याने हे चार शब्द लिहीत आहे.

आपल्या मावळपट्ट्यातील घरांची रचना गेल्या काही दशकांत बदलली, हे आपण जाणताच. भाताची खाचरे थोडी, पावसाळा संपला की हाताला काम नाही. म्हणून कर्ती पिढी पूर्वी मुंबईच्या गिरण्यांकडे जाई, आता शिरवळच्या कारखान्यांत, पुण्याच्या बांधकामांवर नाही तर सिंहगड रस्त्याच्या दुकानांत जाते. मागे राहतात आजी-आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडे. काही मुले काका-मामांच्या घरी, काही वसतिगृहांत वाढतात. या व्यवस्थेत बहुतेक मुले मायेनेच वाढतात. पण जिथे माया आटते, तिथे मुलाची कड घेणारे मोठे माणूस घरात उरलेले नसते. म्हणून हा लेख प्रामुख्याने आपल्यासाठी, घरात राहिलेल्या वडीलधाऱ्यांसाठी आहे.

छळ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वेताचे वळ येतात. तो छळ आहेच. परंतु वळ न उमटवणारे प्रकारही तितकेच खोल जातात. ‘तू जन्मलास आणि घराची साडेसाती सुरू झाली’ असे उठताबसता ऐकवणे, चार माणसांत पाणउतारा करणे, भावंडांत एकालाच उपाशी किंवा उघडे ठेवणे, दारू पिऊन आईला मारताना मुलांना ते पाहावे लागणे, आणि ज्याविषयी आपल्या पिढीला उच्चारही करवत नाही असा नात्यातल्या वा ओळखीतल्या माणसाकडून होणारा लैंगिक अत्याचार. मुलाला वेळेवर अन्न, औषध, शाळा आणि लक्ष न मिळणे हीदेखील आबाळच. आणि सतत होणारी आबाळ हा छळाचाच एक प्रकार आहे, असे जागतिक आरोग्य संघटना मानते.

हे प्रमाण थोडे असेल, असे समजू नये. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी महाराष्ट्रासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांकडून माहिती घेण्यात आली होती. दर तीन मुलांमागे दोघांनी मारहाण सोसल्याचे सांगितले. दर दोन मुलांमागे एकाने मानसिक छळ सोसल्याचे सांगितले. घरात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे हात आई-वडिलांचेच होते.

आता या छळाचा आणि नैराश्याचा संबंध पाहू. पावसाळ्यात भोरहून वरंधा घाटाने महाडला गेलेल्यांना एक अनुभव ठाऊक असेल. धुके दाटलेले, वरून पाण्याचे लोट, आणि चालकाची नजर एकसारखी डोंगराकडे : दरड कुठून येईल? छाती धडधडते, मान ताठ होते, पोटात गोळा येतो. घाट उतरून सपाटीला लागलो की शरीर आपोआप सैल पडते. ज्या मुलाच्या घरात केव्हा कोणाचा हात उठेल याचा नेम नाही, ते मूल अशा घाटातच राहते. त्याची सपाटी येतच नाही. संकटाच्या वेळी शरीर कॉर्टिसॉलसारखी द्रव्ये सोडते. ती थोड्या वेळापुरती उपकारक असतात. वर्षानुवर्षे ती स्रवत राहिली, तर झोप, भूक, स्मरण, एकाग्रता आणि मनाचा तोल या सर्वांवर परिणाम होतो. वयात येताना मेंदूची जडणघडण वेगाने चालू असते. त्याच काळात हा ताण पडला, तर मन थकून बसते. त्या थकव्याचे एक नाव नैराश्य.

अमेरिकेत व्हिन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट आंडा या डॉक्टरांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणातील छळ आणि घरातील विपरीत परिस्थितीविषयी विचारण्यात आले. ज्यांनी अशा चार वा अधिक प्रकारच्या गोष्टी सोसल्या होत्या, त्यांच्यात नैराश्य, दारूचे व अमली पदार्थांचे व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असे काहीच न सोसलेल्यांच्या तुलनेत ४ ते १२ पट आढळला. एवढेच नव्हे, तर उतारवयातील हृदयविकार आणि फुप्फुसांच्या विकारांशीही बालपणाच्या जखमांचे नाते दिसून आले. म्हणजे ‘मार विसरला’ असे आपण म्हणतो, तेव्हा विसरते ते फक्त मन. शरीराची आठवण मागे राहते.

इथे एक सावधगिरीही हवी. छळ सोसलेले प्रत्येक मूल निराश होत नाही, आणि निराश झालेल्या प्रत्येक मुलाचा छळ झालेला नसतो. प्रेमळ घरांतील मुलांनाही हा आजार होतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वर्षे वयाच्या ७.३ टक्के मुलांमध्ये, म्हणजे साधारण दर चौदा मुलांमागे एकात, कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. तेव्हा नातवंड उदास दिसले की घरातल्यांकडे संशयाने पाहू नका. पण डोळेही मिटून घेऊ नका.

किशोरवयातील नैराश्य ओळखणे अवघड जाते, कारण ते दुःखाच्या रूपात समोर येईलच असे नाही. मोठा माणूस खचला की रडतो, बसून राहतो. पंधरा वर्षांचे मूल खचले की पुष्कळदा चिडते. शब्दाला शब्द देते, दार आपटते, पुस्तक भिरकावते. आणि आपण म्हणतो, ‘अंगात मस्ती आली आहे.’ कोणी दिवसभर झोपते, कोणाला पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. कबड्डीला पुढे असणारा मुलगा मैदानाकडे फिरकत नाही. वेणीफणीची हौस असलेली मुलगी चार-चार दिवस केस विंचरत नाही. डोके दुखते, पोट दुखते, तपासण्यांत काही सापडत नाही. अभ्यास एकाएकी घसरतो. आपल्याकडे यासाठी ‘नैराश्य’ हा शब्द कोणी वापरत नाही. ‘घुम्यासारखा बसतो’, ‘तिचे कशात मनच लागत नाही’, ‘बाहेरचे काही असेल’ असे म्हटले जाते. मांढरदेवीला काळूबाईच्या दर्शनाला अवश्य जावे, मनाला आधार मिळतो. मात्र अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर परतीच्या वाटेवर दवाखान्याची पायरीही चढावी.

आता त्या पहिल्या वाक्याकडे वळू. ‘आमचे कुठे काय बिघडले?’

माझ्या लहानपणी आमच्या घरात दोन मुलगे मार खात होते. एक मी आणि दुसरा काकूच्या वारलेल्या बहिणीचा मुलगा. त्याला वेल्ह्याकडच्या एका वाडीतून शिक्षणासाठी भोरला आणले होते. माझ्याहून तो पाच वर्षांनी मोठा. घरातील कर्ते पुरुष तापट होते; हिशोब चुकला, पाण्याची कळशी लवंडली, गृहपाठ राहिला, एवढे कारण पुरे होई. पट्टा एकच, आणि आम्हा दोघांच्या पाठीही सारख्याच. फरक एवढाच, की मला आजी होती. हात उठला की ती भाकरी तव्यावर टाकून मध्ये येई. ‘‘लेकराला शब्दानं सांग. माझ्यादेखत हात उचलायचा नाही,’’ हे तिचे ठरलेले वाक्य. नंतर ती मला जवळ बसवी, सुपातले तांदूळ निवडायला देई, आणि काही विचारत नसे. बऱ्याच वेळाने मीच बोलू लागे.

त्या मुलासाठी मात्र कोणी मध्ये आले नाही. परक्याच्या लेकराविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे त्या काळच्या रीतीप्रमाणे आजीला वाटत असावे. तो ओट्यावर झोपे. पंधराव्या वर्षी त्याने नीरेत पोहायला येणे सोडले. वर्गात झोपू लागला. पोट दुखते म्हणून जेवेना. घरात त्याला ऐतखाऊ म्हणत, शाळेत दगड म्हणत. १९६२ च्या सुमारास एका संध्याकाळी तो स्वारगेटच्या एसटीत बसून गेला. दोन वर्षांनी मुंबईहून एक पोस्टकार्ड आले, त्यावर पत्ता नव्हता. त्यानंतर काही नाही. पुढे त्याचे नाव घरात कोणी घेईनासे झाले.

आज चौकात बसून ‘आमचे काही बिघडले नाही’ असे मी म्हणू शकेन. तो म्हणायला नाही. वाचकहो, आपल्या प्रत्येक गावात, प्रत्येक भावकीत असा एक जण आहे : मुंबईला निघून गेलेला, दारूत बुडालेला, विहिरीपाशी संपलेली. जे तरले तेच सांगायला उरले, म्हणून ती साक्ष एकतर्फी आहे. आणि जे तरले त्यांनी स्वतःला विचारून पाहावे : आपल्याला खरोखर माराने घडवले, की मारानंतर पाठीवरून फिरलेल्या एखाद्या हाताने? माझ्यापुरते उत्तर मला ठाऊक आहे.

हे केवळ माझ्या घरचे अनुमान नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १६ वर्षे वयाच्या २,०४८ मुलांचा अभ्यास केला. तो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मारहाण किंवा शिवीगाळ सोसलेल्या मुलांमध्ये मानसिक विकार अधिक आढळले. त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही दिसली : ज्या मुलांना मुख्य आधार आपल्या कुटुंबाचा वाटत होता, त्यांच्यात हे विकार कमी होते. घर जसे जखम करू शकते, तसे ते जखम बांधूही शकते.

माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांतील एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. नववीतील एका मुलीचे आई-वडील पुण्यात बांधकामावर होते. ती चुलत्याकडे राही. वर्गात ती सतत डोके धरून बसे, मनगटावर ओढणी गुंडाळलेली असे. तिचे आजोबा तोरण्याच्या पायथ्याच्या एका वाडीत एकटे राहत. अक्षरशत्रू, पंचाहत्तरी ओलांडलेले. नातीने यात्रेत पाळण्याकडे पाहिलेदेखील नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखले. त्यांनी आरडाओरड केली नाही. तिचे अंथरूण-पांघरूण स्वतःच्या घरी नेले, मुलाला निरोप धाडून बोलावून घेतले, आणि तिला घेऊन शाळेत, तिथून सरकारी दवाखान्यात, तिथून पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात गेले. प्रत्येक महिन्याला एसटीने तिच्यासोबत जात राहिले. ती लगेच बरी झाली नाही. दहावीला पहिल्या खेपेस नापासही झाली. पण वर्षभराने ती पुन्हा हसू लागली, आणि ऑक्टोबरच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली.

त्या आजोबांनी जे केले, ते आपल्यालाही जमण्यासारखे आहे. पहिले म्हणजे मुलाला सुरक्षित करणे. मारहाण चालू असताना समुपदेशनाचा उपयोग नाही. घाटातल्या माणसाला विश्रांतीचा उपदेश करण्यासारखे ते आहे. मध्ये उभे राहा. मुलगा किंवा सून कष्टाने, कर्जाने पिचलेली असते आणि तीही कधीकाळी मार खाऊनच मोठी झालेली असते. म्हणून राग शांत झाल्यावर, एकांतात, त्यांचाही मान राखून बोला. पण ‘या घरात मुलांवर हात उठणार नाही’ हे वाक्य मात्र पातळ करू नका.

दुसरे, ऐकणे. ‘आमच्या वेळी’ हे शब्द काही दिवस बाजूला ठेवा. शेंगा फोडताना, गुरांना वैरण टाकताना, शेजारी बसून हातातले काम करता करता मुले अधिक बोलतात. त्यांनी सांगितले तर ‘तुझेच चुकले असेल’ असे म्हणू नका. ‘तू सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणणे पुरेसे असते.

तिसरे, विचारण्यास भिऊ नका. ‘मी नसतो तर बरे झाले असते’ असे मूल बोलले, आवडत्या वस्तू वाटू लागले, अंगावर स्वतः केलेल्या जखमा दिसल्या, तर स्पष्ट विचारावे : ‘तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?’ विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट ओझे हलके होते. अशा वेळी मुलाला एकटे सोडू नये. शेतीची कीटकनाशके आणि तणनाशके कुलपात ठेवावीत, आणि आपल्या स्वतःच्या औषधांची डबीही. रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, झोपेच्या गोळ्या उशाशी उघड्या ठेवण्याची आपली सवय असते, ती मोडावी. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा तेथील आत्महत्या पुष्कळ कमी झाल्या. अविचाराच्या त्या घटकेला साधन हाताशी नसणे, यानेच जीव वाचतो.

चौथे, मदत मागणे. ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही, मराठीतून बोलता येते. मुलावर अत्याचार होत असल्यास १०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक आहे, तातडीच्या प्रसंगी ११२. गावातील आशाताई, शाळेतील शिक्षक, भोरचे उपजिल्हा रुग्णालय, वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय यांच्याकडून पुढची वाट मिळते. पुण्यात औंधचे जिल्हा रुग्णालय आणि ससून येथे मानसोपचार मिळतात. बोलून करायचे उपचार आहेत, आवश्यक तेव्हा औषधेही आहेत. ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावीत आणि बरे वाटू लागताच परस्पर बंद करू नयेत.

कायदाही आपल्या बाजूला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतील मारहाण आणि मानसिक छळ यांवर बंदी घातली आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न कळवणे हा २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार गुन्हा आहे; मग अपराधी घरातला असो वा बाहेरचा. घराण्याच्या अब्रूसाठी लेकराचा बळी देण्याची रीत आपल्याच पिढीने थांबवायला हवी.

आपले गुडघे दुखतात, डोळ्यांना कमी दिसते, घरात आपला शब्द पूर्वीसारखा चालत नाही, हे मला ठाऊक आहे. माझेही तसेच आहे. पण घरात दिवसभर असणारे, घाई नसलेले आणि मुलाकडे नुसते पाहत बसायला मोकळे असलेले माणूस आज आपणच आहोत. ही लहान गोष्ट नव्हे. उद्या चौकात कोणी ‘आम्ही काय कमी मार खाल्ला’ असे म्हणाले, तर त्याला शांतपणे विचारा, ‘तेव्हा तुझ्या बाजूने कोण उभे राहिले होते?’ बहुधा त्याला कोणाचे तरी नाव आठवेल. मग घरी जाऊन आपल्या नातवंडाजवळ थोडा वेळ बसा.